फर्स्ट इयरला कुठला क्लब? एनएसएस, एनसीसी, कलामंडळ आणि बाकीची दुकानं

क्लब चांगला की वाईट हे पोस्टरवरून कळत नाही, इन्स्टाच्या रीलवरून तर मुळीच नाही. स्टॉलवर उभ्या असलेल्या सेकंड इयरच्या पोराला गाठायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी फर्स्ट इयरची किती जणं घेतली होती? आणि त्यातली आज किती टिकलीत? चाळीस घेऊन सहा उरली असतील, तर त्या क्लबमध्ये फर्स्ट इयरला काम नसतं, फक्त हजेरी असते. बारा घेऊन नऊ उरली असतील तर डोळे मिटून फॉर्म भरा. उत्तराऐवजी ‘आमचं कल्चर खूप मस्त आहे’ एवढंच ऐकू आलं, तर पुढच्या टेबलाकडे वळा.

याच कसोटीवर पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत साधारण सगळीकडे दिसणाऱ्या पर्यायांचं हे परीक्षण. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी पाहिल्या आहेत: वेळ किती जातो, खिशातून काय जातं, पहिल्या वर्षी हाताला खरं काम काय मिळतं, आणि कागदावर काय पडतं. मैत्री सगळीकडेच होते, म्हणून तिचे मार्क धरलेले नाहीत.

आधी शोधायचं कुठे ते. कॉलेजच्या वेबसाइटवरची क्लबांची यादी बहुधा जुनी असते आणि त्यातले दोन-तीन क्लब कधीच बंद पडलेले असतात. खरी माहिती तीन ठिकाणी मिळते. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांची केबिन, कारण निधी आणि परवानग्या बऱ्याचदा तिथूनच जातात. जिमखाना, कारण खेळांच्या टीमच्या निवडी तिथल्या फळ्यावर लागतात आणि दोन दिवसांत पुसल्याही जातात. आणि तिसरं ठिकाण कॅन्टीन, संध्याकाळी पाचनंतर. सहा वाजल्यावरही कॉलेजात थांबलेली जी टोळकी दिसतात, ती हमखास कुठल्या ना कुठल्या क्लबची असतात. आर्ट्स, कॉमर्स, सायन्सच्या मुलांनी जुलै संपायच्या आत ही फेरी मारावी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि ती मुलं येईपर्यंत अर्ध्या निवडी उरकलेल्या असतात. त्यांचं काय, ते शेवटी.

एनएसएस: भरपूर मिळतं, पण मागून घ्यावं लागतं

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. करार साधा आहे: दोन वर्षं, दर वर्षी १२० तासांचं नियमित काम, आणि या दोन वर्षांत सात दिवसांचं एक निवासी शिबिर. एका युनिटला साधारण १०० स्वयंसेवक आणि एक कार्यक्रम अधिकारी. निवडचाचणी बहुतेक ठिकाणी नसते. फॉर्म, फोटो, आधारची प्रत, पालकांचं संमतिपत्र एवढं दिलं की झालं. हल्ली ‘माय भारत’ पोर्टलवरही नोंदणी करायला सांगतात. तिथे नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच टाका, नाहीतर प्रमाणपत्राच्या वेळी स्पेलिंगवरून हेलपाटे पडतात.

१२० तास म्हणजे सुट्ट्या आणि परीक्षा वगळून उरणाऱ्या सव्वीसेक आठवड्यांत आठवड्याला साडेचार तास. प्रत्यक्षात ते असे सरळ वाटले जात नाहीत. जुलैत वृक्षारोपण, ऑगस्टमध्ये रॅली, गणपतीत विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला पाच-सहा तासांची एकेक पाळी, मग परीक्षेमुळे दीड महिना सामसूम. पुण्यात राहून तास भरायचे असतील तर गणपती सोडू नका. घाटावरचं काम दमवणारं आहे पण खरं आहे. फुलं एकीकडे, प्लॅस्टिक आणि थर्माकोल दुसरीकडे, आणि लोकांना पन्नास वेळा तेच समजावणं. रबरी हातमोजे स्वतःचे न्या. तिथे मिळणारे पातळ पारदर्शक मोजे हारांमधल्या तारेने पहिल्या तासाभरातच फाटतात.

तासांची डायरी हा एनएसएसचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. तारीख, ठिकाण, काम, तास आणि सही, हे पाच रकाने त्याच दिवशी भरून घ्यायचे. ‘सर, नंतर एकदम सही घेतो’ म्हणणाऱ्यांचे तास मार्चमध्ये हवेत विरतात. मधेच कार्यक्रम अधिकारी बदलले तर नव्या सरांना तुमच्या जुलैच्या झाडांची माहिती असण्याचं काही कारण नाही. महिन्याच्या शेवटी डायरीच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

शिबिराबद्दल एक गोष्ट फॉर्म भरताना कुणी सांगत नाही: १०० जणांच्या युनिटमधून शिबिराला साधारण ५० जण जातात. म्हणजे निम्म्यांना त्या वर्षी जागा नाही. दोन वर्षांच्या प्रमाणपत्राला शिबिर लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षीच नाव लावलेलं बरं. दुसऱ्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत सबमिशन, इंटर्नशिप किंवा घरचं लग्न आडवं येतं आणि १२० अधिक १२० तास भरूनही कागद अडकतो.

शिबिराचा दिवस ठरलेला असतो: पहाटे उठणं, प्रभातफेरी, श्रमदान, जेवण, दुपारी बौद्धिक, मग गटचर्चा किंवा घरोघरी सर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. स्वयंपाकाची आणि भांड्यांची पाळी लागते. पन्नास माणसांची पोळी लाटणं व्यवहार्य नाही, म्हणून खिचडी-भाताची तयारी ठेवा. सोबत ताट-वाटी-पेला, पांघरूण, चटई, टॉर्च, टोपी, पूर्ण बाह्यांचे दोन जुने शर्ट आणि बंद बूट. चप्पल घालून कुदळ चालवणारा एक जण प्रत्येक शिबिरात असतो आणि तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेला असतो.

श्रमदानाचं काम काय आहे, यावरून युनिटचा दर्जा ठरतो. वनराई बंधारा सगळ्यांच्या आवडीचा: सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. रचताना विटांसारखे सांधे मोडत जायचं. एकावर एक सरळ रचली तर पहिल्या दाबाला पोती सरकतात आणि फटींतून पाणी निघून जातं. पण हा बंधारा पाऊस संपल्यावर, ओढा बारीक का होईना वाहता असताना घालायचा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर ही त्याची वेळ. बरीच शिबिरं डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत होतात. तोवर कित्येक ओढे कोरडे पडलेले असतात, आणि मग कोरड्या दगडांवर पोती रचून बॅनरसह फोटो निघतो. डिसेंबरातल्या वृक्षारोपणाचंही तेच. पुढचे सहा महिने पाणी घालायला कुणी नसेल तर ती रोपं उन्हाळा काढत नाहीत. त्यापेक्षा शोषखड्डे, पुढच्या पावसासाठी समतल चर, शाळेच्या भिंतींची रंगरंगोटी ही कामं हिवाळ्यात खरोखर उपयोगी पडतात. शोषखड्ड्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू हा क्रम पाळावा लागतो. नुसती माती लोटली तर तो महिनाभरात तुंबतो आणि गावकरी पुढच्या बॅचला दारात उभं करत नाहीत. फॉर्म भरताना विचारा: दत्तक गाव कुठलं, गेली किती वर्षं तेच आहे, मागच्या शिबिराचे खड्डे आज चालू आहेत का? गाव दर वर्षी बदलत असेल तर कारण समजून घ्या.

कागदावरचा फायदा: मुंबई विद्यापीठाच्या ओ. २२९ या नियमाने एनएसएससारख्या उपक्रमांना १० गुणांची सवलत मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक हे को-करिक्युलर श्रेयांकांचे पर्याय आहेत. त्यात तुम्ही काय निवडलंय आणि प्रत्यक्षात कुठे जाताय, हे जुळलेलं असू द्या. कागदावर योग आणि मैदानात एनएसएस असा घोळ झाला तर निस्तरायला ऑफिसच्या खिडकीवर रांग लावावी लागते.

घ्यावं का? घ्यावं, विशेषतः हातात कुठलीही खास कला किंवा तयारी नसेल तर. माणसांशी बोलायची भीड मोडायला याहून स्वस्त जागा नाही.

मुंबईच्या मुलांना आणखी एक पर्याय असतो: आजीवन अध्ययन व विस्तार विभाग, ज्याला सगळे ‘डीएलएलई’ म्हणतात. इथेही १२० तासच, पण घाम कमी आणि कागद जास्त: समाजातील स्त्रियांच्या स्थितीचं सर्वेक्षण, करिअर प्रकल्प, किंवा अन्नपूर्णा योजनेत कॉलेजच्या कार्यक्रमात खाण्याचा स्टॉल लावून त्याचा हिशेब मांडणं. कर्जत-कसाऱ्याहून रोज लोकल पकडणाऱ्यांना पहाटेची परेड किंवा रात्रीची तालीम झेपत नाही, त्यांच्यासाठी हे बरं. प्रकल्प अहवाल मात्र इंटरनेटवरून उचलू नका. एकाच वर्गातल्या दहा जणांच्या सर्वेक्षणाचे आकडे तंतोतंत सारखे आले, की मॅडमना कळायला वेळ लागत नाही.

एनसीसी: पहिल्याच वर्षी, नाहीतर जवळपास नाहीच

इथे मनात आलं तेव्हा सामील होता येत नाही. ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षी आणि ‘सी’ची तिसऱ्या वर्षी, त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीला असणाऱ्याने पहिल्या वर्षाची भरती चुकवली की ‘सी’ हातचं गेलं. जागा मोजक्या, निवड जुलै-ऑगस्टमध्ये: उंची-वजन, धावणं, पुश-अप्स, थोडी लेखी, थोडी तोंडी. धावण्यात नापास होणारी बहुतेक मुलं पहिल्या चारशे मीटरला जीव खाऊन पळतात आणि मग चालतात. महिनाभर आधीपासून रोज सोळाशे मीटर एकसारख्या वेगाने पळायची सवय लावली तर अडचण येत नाही.

परेड बहुधा आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर किंवा रविवारी. ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि त्यात दयामाया नाही. ‘बी’साठी एक शिबिरही लागतं. नेहमीचं वार्षिक शिबिर, म्हणजे सीएटीसी, दहा दिवसांचं असतं. गाडी अडते ती इथे. शिबिराची तारीख बटालियन ठरवते, कॉलेज नाही, आणि ती अंतर्गत परीक्षेवर आली की वर्गातले शिक्षक आणि एएनओ, म्हणजे कॉलेजातले एनसीसीचे अधिकारी, यांच्या मधे कॅडेटची ओढाताण होते. पत्र हातात पडलं त्याच दिवशी त्याची प्रत विभागप्रमुखांना देऊन पोच घ्या. परत आल्यावर दिलेल्या पत्राला कुणी विचारत नाही.

गणवेशाला स्टार्च, बेल्टच्या पितळेला पॉलिश, बुटांना टो-कॅपपर्यंत चकाकी, मुलांचे केस बारीक. हे सगळं आपलं आपण. मुलींनी अंबाड्याची जाळी आणि काळ्या पिनांचा साठा ठेवावा. ड्रिलचे शब्द हिंदीत, ‘तेज चल’, ‘थम’, ‘दाहिने मुड’, आणि पहिल्या महिन्यात डावं-उजवं सगळ्यांचंच चुकतं.

मिळतं काय? सैन्यात जायचा विचार असेल तर पुष्कळ. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून, सीडीएसची (सैन्यातल्या अधिकारीभरतीची) लेखी परीक्षा न देता, थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीपर्यंत जाता येतं. सैन्य, पोलीस यातलं काहीच डोक्यात नसेल तर मात्र नीट विचार करा. शिस्त अंगी लागते हे खरं, पण तीन वर्षांच्या रविवारांच्या बदल्यात. टिकून राहण्याच्या कसोटीवर एनसीसी उत्तम उतरते, कारण ज्यांना नको ते पहिल्या दोन महिन्यांतच गळतात.

कलामंडळ: सगळ्यात महाग, सगळ्यात भारी

पुण्यात ‘कलामंडळात आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न एकच: पुरुषोत्तमला काय करताय? महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये, अंतिम सप्टेंबरात, जागा सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. पहिल्याला पुरुषोत्तम करंडक, प्रायोगिक एकांकिकेला जयराम हर्डीकर करंडक. परीक्षक किती कडक असतात ते २०२२मध्ये दिसलं. त्या वर्षी एकही एकांकिका पात्र नाही म्हणून मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. मुंबईकडे आयएनटीसारख्या स्पर्धा आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा, हे तिथलं पंचांग.

फर्स्ट इयरच्या दृष्टीने गणित असं: संहिता उन्हाळ्यात ठरते, मुख्य भूमिका कुणाच्या हे सिनिअर्सना जूनमध्येच माहीत असतं आणि ऑडिशन जुलैत होते. म्हणजे ऑडिशन असते ती बहुतांशी मॉबसाठी, म्हणजे गर्दीतल्या भूमिकांसाठी, आणि बॅकस्टेजसाठी. हे कळलं की निम्मी निराशा आधीच टळते. ऑडिशनला पाठ केलेलं जड स्वगत म्हणू नका. घरी आई फोनवर बोलते त्या ढंगाचा दोन मिनिटांचा प्रसंग जास्त चालतो. निवडणारे पाहतात ते आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, सूचना दिली की लगेच बदल करता येतो का, आणि समोरचा बोलत असताना तुम्ही ऐकता का.

आमचं ठाम मत: पहिल्या वर्षी बॅकस्टेज मागून घ्या. मॉबमधल्या अकराव्या माणसाला दोन महिन्यांत ‘अरे देवा!’ एवढंच वाक्य मिळतं. लाईट ऑपरेट करणाऱ्याला अख्खी एकांकिका पाठ होते. प्रत्येक क्यू (लाईट बदलायची खूण) कुठल्या शब्दावर, किती सेकंदांत फेड, कुठे एकदम ब्लॅकआउट, याचा तक्ता स्वतः लिहावा लागतो. संहितेच्या छापील पानावर पेन्सिलने खुणा करा, पेनाने नको, कारण रंगीत तालमीपर्यंत निम्मे क्यू बदलतात. संगीताचं काम असेल तर गाण्यांचे तुकडे क्रमांक देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या नोटिफिकेशन्स बंद करा आणि तीच फाइल पेनड्राइव्हवरही घ्या. भर शोकप्रसंगात मेसेजची ‘टिंग’ वाजली की प्रेक्षागृह खालसा. नेपथ्यवाल्यांचं खरं कसब मंचावर लागतं: ठरलेल्या मिनिटांत फ्लॅट (उभ्या भिंती) आणि लेव्हल (चौथरे) लावून काढायच्या असतात. खुणेच्या टेपचा रंग, स्क्रूची पिशवी कुणाकडे, दार आधी आत जाणार की खिडकी, हे सगळं तालमीच्या हॉलमध्ये घड्याळ लावून घोटावं लागतं. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याने एक टेबल, त्यावर कागद, कागदावर प्रत्येक वस्तूची चौकट आखून नाव, ही जुनी पद्धत सोडू नये. चौकट रिकामी दिसली की वस्तू मंचावरच राहिली हे कळतं.

आता किंमत. तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते आणि साडेनऊ-दहाला संपते असं सांगतात. शेवटच्या पंधरवड्यात ती संपतच नाही. हॉस्टेलचं दार दहाला बंद होत असेल तर रेक्टरांच्या नावाचं कॉलेजचं पत्र ऑडिशनच्या दिवशीच मागा. मुलींना घरी कोण सोडणार, हे टीमने स्वतःहून ठरवलेलं असेल तर ती टीम चांगली. विचारल्यावर चेहरे पाडणारी टीम सोडा. नेपथ्य आणि टेम्पोला कॉलेजचं अनुदान पुरत नाही, मग वर्गणी निघते. आकडा आधी विचारा, आणि पैसे एखाद्याच्या खासगी खात्यात टाकत असाल तर हिशेबाची वही कोण लिहितंय तेही. लेक्चरची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि टर्म गेली तर पुढच्या वर्षीची ऑडिशनही गेली. प्रॅक्टिकल मात्र एकही बुडवू नका, लेक्चरच्या नोट्स मिळतात, बुडालेल्या प्रॅक्टिकलचा प्रयोग कुणी पुन्हा लावून देत नाही.

‘शिस्त’ या नावाखाली काही कलामंडळांत फर्स्ट इयरला नुसतं चहा आणायला, झाडू मारायला आणि शिव्या खायला ठेवतात. झाडू सगळेच मारत असतील, दिग्दर्शकासकट, तर ती परंपरा. फक्त नवेच मारत असतील तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९पासून कायदा आहे आणि यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे.

टेक्निकल टीम, आणि नुसते चॅप्टर

इंजिनिअरिंग कॉलेजात दोन वेगळ्या जाती असतात. एक, वस्तू बनवणाऱ्या टीम: बाहा या गाड्यांच्या स्पर्धेसाठी एकसीटर गाडी, रोबोकॉन या स्पर्धेसाठी रोबो, ड्रोन, उपग्रह. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून अवकाशात गेला. तो काही एका बॅचने केला नव्हता, हे लक्षात ठेवा. अशा टीममध्ये फर्स्ट इयरचं मूल म्हणजे पुढच्या तीन वर्षांची गुंतवणूक, म्हणून निवडही तशीच होते: एक छोटा टास्क देतात, आठवडाभराने मुलाखत. टास्क पूर्ण झाला नाही तरी चालतो. कुठे अडलं आणि काय काय करून पाहिलं, हे नीट सांगता आलं पाहिजे. यूट्यूबवरचं सर्किट जसंच्या तसं आणलं आणि ‘हा रेझिस्टर कशाला?’ या पहिल्याच प्रश्नाला गप्प बसलात, की संपलं.

बाहाच्या टीममध्ये सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, पॉवरट्रेन, रोल केज असे गट असतात. पहिल्या वर्षी वाट्याला येतं ते पाइप घासणं, वेल्डिंगसाठी टोकं साफ करणं, कॅडमध्ये ब्रॅकेट काढणं आणि स्पॉन्सरना फोन करणं. कंटाळवाणं वाटेल, पण वर्कशॉपमधला हात तिथेच बसतो. बंद बूट, गॉगल आणि सुती कपडे. नायलॉनच्या टी-शर्टवर ग्राइंडरची ठिणगी पडली की भोक कपड्यालाच पडून थांबत नाही. स्पर्धेत ब्रेक तपासताना चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. कित्येक टीम तिथेच अडकतात आणि कारण बहुधा साधं असतं: ब्रेक लाइनमध्ये राहिलेली हवा. ती हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग, कसं करतात ते पहिल्या वर्षीच शिकून घेतलेला पोरगा टीमला कायम हवा असतो. रोबोकॉनची अडचण वेगळी. खेळाचे नियम दर वर्षी नवे येतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबो कपाटात जातो आणि रात्री पुन्हा शून्यातून सुरू होतात.

दुसरी जात म्हणजे चॅप्टर, म्हणजे बाहेरच्या एखाद्या तांत्रिक संस्थेची कॉलेजातली शाखा, आणि डेव्हलपर क्लब. सगळे वाईट नाहीत, पण बहुतेकांची रचना एकच: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहा हेड, बारा को-हेड, चोवीस असोसिएट, आणि वर्षभरात चार वेबिनार. फर्स्ट इयरला मिळतं ते पोस्टर शेअर करायचं काम आणि एक प्रमाणपत्र. सदस्यत्वाला पैसे घेत असतील तर पावती आणि मूळ संस्थेचा सदस्य क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर पैसे समोशांत जातात असं समजा. मुलं स्वतः बसून कोड लिहितात अशा साप्ताहिक बैठका होत असतील तरच नाव द्या.

फेस्ट: चार दिवसांची धावपळ, एका ओळीचा अनुभव

ऑगस्टमध्ये झेवियर्सचा मल्हार, डिसेंबरात आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो, मधे प्रत्येक कॉलेजचा आपापला. आयोजनात शिरायचं असेल तर विभाग पाहून शिरा. हॉस्पिटॅलिटीत बाहेरगावच्या टीमच्या राहण्या-खाण्याचं खरं नियोजन शिकायला मिळतं. सिक्युरिटी म्हणजे दोरी धरून उभं राहणं. मार्केटिंगमध्ये दुकानादुकानांत फिरून नकार पचवायचा, आणि पुढे नोकरीत सगळ्यात जास्त कामाला येतं ते हेच. स्पॉन्सरचे पैसे कॉलेजच्या किंवा समितीच्या खात्यातच जाऊ द्या, स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. मुंबईत दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला कंटिन्जंट, म्हणजे आपल्या कॉलेजचा चमू, जातो तेव्हा सीएलला म्हणजे कंटिन्जंट लीडरला आधीच सांगून ठेवा की कुठल्या स्पर्धेत उतरायचंय. नाहीतर पास तुमच्याकडे आणि स्पर्धा दुसऱ्याकडे असं होतं.

किती घ्यायचे?

दोन. एक जिथे तारखा वर्षभर पसरलेल्या असतात, जसं एनएसएस किंवा डीएलएलई, आणि एक जिथे ठरावीक दोन महिने जीव टाकायचा असतो, जसं कलामंडळ किंवा बाहा. एनसीसी आणि पुरुषोत्तम एकाच वर्षी करू नका. पहाटेची परेड आणि मध्यरात्रीची तालीम यांच्या मधे झोप नावाची गोष्ट उरत नाही. फॉर्म भरताना विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक, क्लबच्या तारखा आणि घरचे सण एकाच कॅलेंडरवर मांडा. कुठे तीन खुणा एकत्र आल्या तर तिथलं एक काम आत्ताच नाकारा. मधेच सोडायचं झालं तर ग्रुपमधून गुपचूप लेफ्ट होऊ नका. हाताखालचं काम, फाइली, किल्ल्या आणि पासवर्ड ज्याच्याकडे द्यायचे त्याला समोर बसून द्या. सिनिअर रागावतात ते सोडून गेल्याबद्दल नाही, लाईट क्यूचा तक्ता सोबत नेल्याबद्दल.

उशिरा आलेल्यांसाठी: सप्टेंबरात प्रवेश झाला म्हणून वर्ष गेलं असं नाही. पुरुषोत्तम हुकला तरी पुण्यात फेब्रुवारीच्या आसपास फिरोदिया करंडक असतो. तिथे नाटक, नाच, गाणं, चित्रकला, वादन, सगळं एकाच सादरीकरणात बसवतात, त्यामुळे माणसं जास्त लागतात आणि अभिनय न येणाऱ्या रांगोळीवाल्यालाही मंच मिळतो. त्याच्या तालमीचं विचारायला दिवाळीनंतर लगेच जा. एनएसएसच्या शिबिराच्या यादीतली काही नावं ऐनवेळी गळतात. शिबिराच्या आठवडाभर आधी बॅग भरून कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटलात तर जागा मिळू शकते, पण स्वयंसेवक म्हणून नोंदणी आधी झालेली हवी. बाहा-रोबोकॉनच्या टीमही स्पर्धा संपली की फायनल इयरची मुलं जातात म्हणून पुन्हा माणसं घेतात. त्या वेळी वर्कशॉपमध्ये पसारा आवरायला जो हजर असतो, त्याचं नाव मुलाखतीशिवायच यादीत जातं.